ज्याअर्थी आणि त्याअर्थी

वाशीमच्या आठवडी बाजारात, रिसोडच्या एस्टी थांब्यावर किंवा मंगरूळपीरच्या एखाद्या पारावर दिवसभर कान देऊन बसले, तरी 'ज्याअर्थी' हा शब्द कानी पडण्याची आशा नाही. कारण विचारावयाचे असेल तर तेथे 'कामून' म्हणतात, कारण सांगून निष्पत्तीवर यावयाचे असेल तर 'म्हून' पुरेसा होतो, आणि तेवढ्यावर लग्ने ठरतात, बैलजोड्या विकल्या जातात व भाऊबंदकीही होते. परंतु हाच मनुष्य ज्या दिवशी तहसील कचेरीची किंवा दिवाणी न्यायालयाची पायरी चढतो, त्या दिवशी त्याच्या हाती जो कागद पडतो, त्याच्या पहिल्याच ओळीत हे भारदस्त उभयान्वयी अव्यय ठाण मांडून बसलेले असते. त्याच्यामागून 'आणि ज्याअर्थी', 'आणि ज्याअर्थी' अशी त्याची भावंडे ओळीने येतात, आणि पानाच्या तळाशी एकदाचे 'त्याअर्थी, आता' आले, की वाचणाऱ्यास कळते की आपल्यावर काय बेतले आहे. घरात कोणी वापरीत नाही आणि कचेरीत ज्यावाचून पान हालत नाही, अशा या शब्दाचा इतिहास वाशीम जिल्ह्यापुरता पाहू गेल्यास तो भाषेच्या इतिहासात मावत नाही, राज्यकारभाराच्या इतिहासात शिरतो. कारण ज्या वऱ्हाडाचा हा जिल्हा एक भाग आहे, त्या वऱ्हाडाचे स्वामित्वच एके काळी अशा एका 'ज्याअर्थी'मध्ये ठेवलेले होते.

ज्या इंग्रजी शब्दाच्या पोटी आपला हा कचेरीतला प्रयोग जन्मला, तो 'व्हेअरॅज' दुहेरी स्वभावाचा आहे. शाळेच्या पुस्तकात तो विरोध दाखवितो, म्हणजे थोरला भाऊ मेहनती 'तर' धाकटा आळशी अशा ठिकाणी तो येतो, आणि मराठीत त्याचे काम 'तर', 'मात्र', 'उलट' हे साधे शब्द बिनबोभाट करतात. कायद्याच्या कागदात मात्र त्याचा विरोधाशी काही संबंध नसतो. तेथे तो पुढे यावयाच्या आज्ञेची किंवा कराराची पूर्वपीठिका मांडतो, अमुक गोष्ट घडलेली आहे किंवा मान्य आहे असे धरून चालतो, आणि वाक्य अर्धवट टांगून ठेवतो. हा दुसरा स्वभावच येथे आपल्या कामाचा आहे.

अधिकार आधी आणि आज्ञा नंतर ही कागदाची मांडणी वाशीमला इंग्रजांनी शिकविली, असे मात्र कोणी समजू नये. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आणि या शाखेचा राजा विंध्यशक्ती दुसरा याने आपल्या राज्यकालाच्या सदतिसाव्या वर्षी येथून दिलेला ताम्रपट १९३९ साली वाशीम येथेच उजेडात आला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्या व्यासंगी पंडिताने ज्याचा सूक्ष्म अभ्यास केला, त्या या चार पत्र्यांची एक मौज अशी, की राजाची वंशावळ, म्हणजे पहिला प्रवरसेन आणि सर्वसेन यांच्यापासून दात्याचा अधिकार कसा उतरत आला हा भाग, संस्कृतात आहे. आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर, म्हणजे अथर्ववेदी ब्राह्मणांना गाव दिले, त्यात सैनिकांनी शिरू नये, मीठ खणू नये, इत्यादी ज्या सवलती गावास व अधिकाऱ्यांस कळावयास हव्या होत्या, तो प्राकृतात. जे मानावयाचे ते देवभाषेत आणि जे पाळावयाचे ते लोकभाषेत, अशी ही वाटणी होती. तेथे कोणतेही 'ज्याअर्थी' नाही; पण कागदाचे, किंवा तांब्याचे म्हणा, जे दोन अर्धे पुढे दीड हजार वर्षांनी या अव्ययाने जोडले जावयाचे होते, ते दोन्ही वेगळे ओळखू येण्याइतके स्पष्ट आहेत.

मधल्या शतकांत वाशीमवर निरनिराळे अंमल आले. अबुल फजलाच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून 'बाशिम'ची नोंद आहे. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखान पडल्यावर हा मुलूख निजामुल्मुल्काकडे गेला, नागपूरकर भोसल्यांचाही त्यावर वाटा राहिला आणि बराच काळ येथे दोअमली चालली. या सर्व काळातील मराठी कागदांवर ज्या शब्दाचे राज्य होते तो 'सबब'. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मोडी लिपीच्या फर्राट्यात उतरलेला हा शब्द आणि आपले 'ज्याअर्थी' एकाच कामाचे असले, तरी त्यांच्या चालीत जो फरक आहे तो दोन राजवटींच्या स्वभावातला फरक आहे, असे मला वाटते. जुना मराठी कागद, मग तो महजर असो, करीना असो वा निवाडपत्र असो, आधी हकीकत सांगतो. पाटीलकीचे भांडण केव्हा लागले, वडील भाऊ परागंदा कसा झाला, दुष्काळात धाकट्याने गाव कसे राखले, गोतात कोण कोण बसले, कोणी काय साक्ष दिली, हे सारे एखाद्या म्हाताऱ्याने ओसरीवर बसून सांगावे तसे सावकाश उलगडते. लिहिणाऱ्यास घाई नसते, ऐकणाऱ्यासही नसते. आणि हकीकत पुरी झाली की 'सबब' येऊन निर्णय सांगतो. तोपर्यंत वाचणाऱ्याला कथा ऐकत असल्याचाच भास होतो. उलट 'ज्याअर्थी' आरंभीच बजावून ठेवतो की यापुढे जे सांगण्यात येईल ते केवळ आधार म्हणून आहे, खरा प्रहार अद्याप व्हावयाचा आहे. पहिल्यात कारण ही एक गोष्ट असते, दुसऱ्यात ते एक कलम होते.

शिवकाळात रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून यावनी पदनामांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा जो थोर उद्योग झाला, त्याने पेशव्याचा पंतप्रधान आणि मुजुमदाराचा अमात्य झाला खरा. पण कारकुनाच्या बोटांत मुरलेली 'सबब' त्या शुद्धीकरणाने हलली नाही, पुढे पेशवाईच्या पत्रांतून ती निर्वेध नांदली, आणि आजही व्याकरणाच्या शालेय पुस्तकात परिणामबोधक अव्ययांच्या यादीत 'म्हणून', 'यास्तव', 'तस्मात्' यांच्या पंक्तीला निमूट बसलेली आहे. कचेरीबाहेर तिची जी अवस्था झाली ती मात्र पाहण्यासारखी आहे: शेकडो वर्षे सरकारदरबारी कारण म्हणून वावरल्यावर लोकांच्या तोंडी ती खोटे निमित्त या अर्थाने रूढ झाली. सरकारी कारणांविषयी रयतेचे मत काय होते, याचा याहून प्रांजळ पुरावा कोणत्या दप्तरात सापडेल?

२१ मे १८५३ रोजी निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड कंपनीच्या हवाली करण्यात आले. मुलूख निजामाचा, कारभार कंपनीचा, असे हे प्रकरण असल्यामुळे त्याचे नावही 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे बिनचेहऱ्याचे पडले. पुढे वाशीम हा त्यातील एक स्वतंत्र जिल्हा झाला, १९०५ च्या फेररचनेत तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळास जोडण्यात आला. तो पुन्हा जिल्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ रोजी. पण इंग्रजी अमलाबरोबर आलेला कागद एकदा आला तो परत गेला नाही. राणीचा १ नोव्हेंबर १८५८ चा प्रसिद्ध जाहीरनामा राणीच्या किताबानंतर 'व्हेअरॅज'नेच सुरू होतो. १८६० च्या दंडसंहितेची प्रस्तावना याच शब्दाने उघडते. आणि फौजदारी व दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यांना जे नमुने जोडलेले असत, त्यांतील समन्सापासून अटकेच्या वॉरंटापर्यंत बहुतेकांचे पहिले पाऊल हेच. जुन्या मराठी गद्यात याच कामासाठी 'ज्यापेक्षां – त्यापेक्षां' अशीही एक जोडी होती. तुलनेच्या 'पेक्षा'शी गोंधळ होत असल्यामुळे असो वा अन्य कशाने, ती मागे पडली आणि 'ज्याअर्थी'ने मैदान मारले.

वाशीमच्या खेड्यापाड्यांत हा शब्द पोहोचला तो कायद्याच्या ग्रंथातून नव्हे, बेलिफाच्या पिशवीतून. दिवाणी समन्सचा छापील नमुना डोळ्यांपुढे आणावा: वर न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, वादी-प्रतिवादी, खाली, ज्याअर्थी अमुक याने तुमच्यावर अमुक बाबतीत दावा लावला आहे, त्याअर्थी तुम्ही जातीने किंवा माहितगार वकिलामार्फत अमुक तारखेस हजर व्हावे, अशा अर्थाचा मजकूर, मधल्या रिकाम्या जागांत कारकुनाच्या हातची शाई, आणि कोपऱ्यात शिक्का. प्रतिवादी घरी सापडला नाही तर नक्कल त्याच्या दाराला बाहेरून डकवावी आणि ती कोणासमक्ष डकवली ते लिहून आणावे, हा नियम. अक्षरशत्रू असलेल्या ज्या कुणब्याच्या दाराला तो कागद लागे, त्याला वाचून दाखवावयास गावचा पटवारी किंवा मास्तर लागे. आणि त्या वाचनात सावकाराचा दावा, म्हणजे जो अद्याप सिद्ध व्हावयाचा असे, तो पहिल्याच शब्दाच्या वजनाने सिद्ध झाल्यासारखा कानावर आदळे. 'दावा लावला आहे' एवढेच त्यात म्हटलेले असते, 'रक्कम देणे आहे' असे नव्हे, हा बारकावा वकिलाला कळतो. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. या अव्ययाची सारी मख्खी येथेच आहे. जे त्याच्या पाठोपाठ येते ते वादाबाहेरचे आहे असा आभास ते निर्माण करते.

आता वऱ्हाडाच्या स्वामित्वाकडे वळू. ही गोष्ट अधिक सविस्तर सांगण्याच्या योग्यतेची आहे. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून खटपट केली, १८७६ साली ते विलायतेस गेले तेव्हाही हा विषय त्यांच्या मनात होता. पण सरकारने दाद दिली नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अलीखान यांच्याशी नवा करार केला आणि वऱ्हाड सालिना २५ लाख रुपये खंडाने कायमचे पट्ट्यावर घेतले. त्या कराराची रचना विलक्षण आहे. आधी 'ज्याअर्थी'च्या सुरात १८५३ आणि १८६० च्या तहांचे स्मरण. मग पहिले कलम. आणि त्या कलमात निजाम वऱ्हाड कायमचे पट्ट्याने देतात हे मुख्य विधान, तर ज्यांचे स्वामित्व याद्वारे पुन्हा मान्य करण्यात येत आहे, हे निजामांना लावलेले एक गौण विशेषणवाक्य. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर स्वामित्व गौणवाक्यात आणि जमीन प्रधानवाक्यात. पुढल्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९०३ रोजी, वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडण्यात आले.

महबूब अलीखानांचे पुत्र मीर उस्मान अलीखान यांनी १९२३ साली व्हाइसरॉयकडे वऱ्हाडाची मागणी पुन्हा केली; आपल्या पित्याकडून कायमचा पट्टा दबावाखाली घेण्यात आला, असा त्यांचा मुद्दा होता. लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने त्यास जे उत्तर दिले ते हिंदी संस्थानांच्या इतिहासात प्रसिद्धच आहे: हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ताच सर्वश्रेष्ठ आहे, आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही. एवढे बजावून झाल्यावरही १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्यात वऱ्हाडासाठी ४७ वे कलम घालावे लागले, आणि त्या कलमाचा आरंभ? 'ज्याअर्थी' वऱ्हाड नावाचा मुलूख निजामांच्या स्वामित्वाखाली आहे. 'आणि ज्याअर्थी' हे स्वामित्व चालू असतानाही तो मध्यप्रांतासह एकच प्रांत म्हणून चालविण्याविषयी करार व्हावयाचा आहे. 'त्याअर्थी, आता' पुढील कारभार अमुक प्रकारे व्हावा, अशा घाटाचा. कलमाच्या पोटात मानाचा विडा एका हाताने दिलेला आहे आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्या हाताने उचललेली आहे. १९३६ च्या करारान्वये निजामांच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. वाशीमचा शेतसारा मात्र होता तेथेच, नागपूरच्या खजिन्यात, जात राहिला. म्हणजे वाशीमचा शेतकरी १८५३ पासून १९४७ पर्यंत, सुमारे चौऱ्याण्णव वर्षे, 'ज्याअर्थी'मध्ये निजामाची रयत होता आणि 'त्याअर्थी'मध्ये इंग्रजाची. या दोन्हींपैकी कोणता अर्धा भाग त्याच्या अंगावर येई, हे त्याला कोणा घटनापंडिताने सांगण्याची जरूर नव्हती.

कायद्याच्या दृष्टीने या दोन अर्ध्यांचे परस्पर नाते काय, याचा ऊहापोह विलायतेत 'एक्स पार्टी डॉज' या १८८६ च्या निकालात झालेला आहे आणि आपल्याकडील वकीलही त्याचा आधार घेत आले आहेत. पूर्वपीठिका स्पष्ट आणि आज्ञेचा भाग संदिग्ध असेल तर पूर्वपीठिकेवरून अर्थ लावावा. पूर्वपीठिका संदिग्ध आणि आज्ञा स्पष्ट असेल तर आज्ञा चालावी. आणि दोन्ही स्पष्ट असून परस्परविरुद्ध असतील, तरीही आज्ञाच चालावी. तीनांपैकी दोन डाव 'त्याअर्थी'चे. निजामाच्या मुत्सद्द्यांना हा नियम वऱ्हाड घालवून शिकावा लागला.

परंतु एक क्षेत्र असे आहे की जेथे 'ज्याअर्थी'चा अर्धा भाग 'त्याअर्थी'वर उलटू शकतो, आणि ते क्षेत्र वाशीमच्या माणसाला तहांपेक्षा कितीतरी अधिक परिचयाचे आहे: शेताचे खरेदीखत. येथे शब्द 'ज्याअर्थी' नसतो. जुनाच 'कारणे' आणि 'सबब' असतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर अर्जनवीस जे खत लिहितो त्यात लिहून घेणार, लिहून देणार, गट क्रमांक, चतुःसीमा हे झाल्यावर एक वाक्य हमखास येते, की लिहून देणार यास घरखर्चासाठी, मुलीच्या लग्नासाठी, वडिलांच्या दुखण्यासाठी किंवा सावकाराचे देणे फेडण्यासाठी रकमेची गरज आहे; आणि शेवटी, सबब हे खत राजीखुशीने व अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिले असे. पुष्कळांना हे वाक्य कचेरीतला पाल्हाळ वाटते. तो पाल्हाळ नाही. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कर्त्याने वडिलार्जित जमीन विकली, तर ती विक्री कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी झाली की नाही, हा प्रश्न वीस वर्षांनी वयात आलेला मुलगा न्यायालयात उभा करू शकतो, आणि गरज सिद्ध न झाल्यास विक्री त्या मुलावर बंधनकारक राहात नाही. खतात गरज लिहिली आहे एवढ्यानेच ती सिद्ध होत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवले. परंतु खत फार जुने झाले, साक्षीदार काळाआड गेले, की त्याच लिहिलेल्या वाक्याला वजन येते, हेही त्याच प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले. तेव्हा अर्जनवीसाने सवयीने खरडलेली ती एक ओळ नातवाच्या काळात शेत राखते किंवा घालविते. खरेदी घेणाऱ्या चतुर माणसाने आकड्यांआधी ती ओळ वाचावी. वाशीमकडचे जुने वकील तसे सांगतही असत.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवस्थानाचा उल्लेख येथे करावयास हवा, कारण जिल्ह्यातील कोणत्याही वादाने याहून लांबचा प्रवास केलेला नाही. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांत पूजेच्या हक्कावरून १९१० साली अकोल्याच्या न्यायालयात गेलेला हा दावा १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. मूर्ती जमिनीपासून किंचित अधांतरी आहे अशी श्रद्धा. आणि दोन्ही पंथांमधील भांडण, ती कोणाच्या आधारावर अधांतरी आहे याचे. त्याच्या दप्तरात किती 'ज्याअर्थी' गेले असतील, याची कल्पनाच बरी.

स्वातंत्र्यानंतर वाशीम काही वर्षे मध्यप्रदेशात होते, आणि नागपूरच्या त्या सरकारने हिंदी व मराठी या दोहोंना राजभाषा करण्याचा कायदा १९५० साली केला. डॉ. रघुवीरांच्या टांकसाळीतून त्या सुमारास जी राज्यकारभाराची संस्कृतप्रचुर नाणी पडली, त्यांतील कित्येक चालली, कित्येक परत गेली. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीचे आसन पक्के झाले. भाषा संचालनालयाने पदनामे, वाक्प्रयोग, परिभाषा यांचे कोश सिद्ध केले. साहेबाची खुर्ची गेली, कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला, पण राजपत्रातील अधिसूचनेचा सांगाडा इंग्रजीचाच राहिला. 'ज्याअर्थी' नंतर स्वल्पविराम, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी अर्धविराम, आणि 'त्याअर्थी, आता' नंतर अमुक कलमाने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून. मराठी वाक्याला दीड पानभर श्वास रोखून धरण्याची सवय नाही. क्रियापद शेवटी येणारी भाषा ती, त्यात पाच परिच्छेद लोंबकळत ठेवले की वाचणारा पहिला विसरतो. आमच्या भाषेच्या प्रकृतीला सबबच अधिक मानवत होती, असे माझे स्पष्ट मत आहे. हकीकत पूर्णविरामांनी सांगावी आणि शेवटी एका शब्दाने तिचा निकाल काढावा. पण कचेरीची लेखणी एकदा वळली म्हणजे वळली.

या शब्दाची सर्वांत मोठी लाट अलीकडेच येऊन गेली. २०२० च्या मार्चपासून साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ यांचे हवाले देणारे जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश महाराष्ट्रभर निघत राहिले, आणि पूर्वी दाराला डकवला जाणारा तो शब्द वाशीम, कारंजा, मानोरा, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर येथील घराघरांत व्हॉट्सॲपवरून येऊ लागला. लोकांनी तेव्हा एक नवी वाचनपद्धती काढली. सारे 'ज्याअर्थी' अंगठ्याने वर सरकवावयाचे आणि 'त्याअर्थी' सापडला की तेथे थांबून किराणा दुकान किती वाजेपर्यंत उघडे आहे तेवढे पाहावयाचे. अधिकार कोठून आला याची कोणास पृच्छा नव्हती.

दिल्लीत मात्र तो शब्द गळू लागला आहे. 'व्हेअरॅज'ने उघडणारी १८६० ची दंडसंहिता १ जुलै २०२४ रोजी जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्या आरंभी तसा शब्द नाही. वाशीमच्या न्यायालयांतील छापील समन्सांवर तो अद्याप आहे. आणि नाझराच्या कपाटात त्या नमुन्यांचा साठा जोवर आहे, तोवर तो राहील.